खिशातला बिस्किटाचा चुरा

आमच्या विट्यात जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सोनं गाळायला परमुलखात असतं. मीही त्यातलाच. मिसरूड फुटायच्या आत चुलत्यांबरोबर कोइमतूरला गेलो आणि मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून गावी परत आलो. मधल्या सगळ्या आयुष्यात एकच काम केलं. लोकांनी आणलेले मोडके दागिने वितळवायचे, त्यातलं हिणकस काढायचं आणि चोख सोनं तोलून ज्याचं त्याला परत द्यायचं.

भट्टीपुढं बसणाऱ्या माणसाची बोलायची सवय जाते. आमची ही म्हणते, "ह्यांच्या तोंडातनं शब्द काढायचा तर पक्कड लागती." खरं आहे. पण आता लिहायला बसलोच आहे तर सगळं सांगून टाकतो, कारण ही गोष्ट माझ्या न बोलण्यानंच चिघळली. तशी ती मोठी नाही. आमच्या दहा महिन्यांच्या नातीनं काय खावं आणि किती खावं, एवढीच आहे.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सोनं गाळताना थोडं कमी भरतंच. त्याला आम्ही घट म्हणतो. घट नेहमीपेक्षा जास्त आली की मालकाचा पहिला संशय कामावरच्या पोरांवर जातो. चुलत्यांचं तसं नव्हतं. हिशेब जुळला नाही की ते आधी स्वतःच्या सदऱ्याचा खिसा उलटा करून काट्यावर झाडायचे, मग आम्हा पोरांचे खिसे. त्यानंतर दुकानातला केर गोळा करायचा, जाळायचा, धुवायचा आणि त्यातनं कण न् कण वेगळा काढायचा. "मालकाचा खिसा आधी," ते म्हणायचे. एकदा कण त्यांच्याच खिशात निघाला, तेव्हा "घ्या, चोर गादीवरच बसलाय!" म्हणून पोट धरून हसले होते. हा नियम मी दुकानात पाळला. घरी यायला निघालो तेव्हा तो तिथंच खुंटीला राहिला असावा.

आमची सून सांगलीची. इथल्या शाळेत गणित शिकवते. मुलगा कोइमतूरला भट्टीवर, सून इथं फळ्यापुढं आणि नात आम्हा म्हाताऱ्यांपुढं, अशी वाटणी झाली होती. बाळंतपणाची रजा संपवून ती शाळेत जायला लागली, तेव्हा नातीच्या खाण्याची तिनं चोख व्यवस्था लावून दिली होती. सकाळ-संध्याकाळ अंगावरचं दूध, मध्ये तीनदा खाणं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर तुपाची धार. नाचणीचं सत्त्व. उकडलेला बटाटा, गाजर, कधी अंड्यातला पिवळा बलक. मीठ नाही, साखर नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. मिक्सरमधनं काढायचं नाही, चमच्यानं चेचायचं, म्हणजे पोरीला चावायची सवय लागेल.

सुरुवातीला नात वाटीच्या मागं धावायची. मग एकाएकी तिनं तोंड बंद केलं. चमचा जवळ आला की ओठ असे मिटायची, की पतपेढीची तिजोरी बरी. आमच्या हिनं "आ कर, आ कर" म्हणत स्वतःच इतका आ केला, की एक दिवस हिचाच जबडा धरला.

अशात उंब्रजहून माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्काचं घर महामार्गाला लागून आहे आणि सगळं जग आपल्या दारावरनं जातं म्हणून सगळ्या जगातलं आपल्याला कळतं, असं तिचं मत आहे. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं निकाल दिला.

"पोरगी वाळली गं बाई. आईचं दूध आटलं आसंल. दिसभर शाळंत उभं ऱ्हायचं, दुसऱ्याच्या पोरांस्नी पाढं शिकवायचं, मग हितं काय ऱ्हातंय?"

"अक्का, ती वाळलेली नाही," सून म्हणाली. "रांगायला लागलीय. या वयात मुलं थोडी सडपातळ होतात."

"आमच्या येळंला न्हवती व्हत."

"तुमच्या वेळेला कुणी वजन करत नव्हतं."

हे वाक्य माझ्या कानात बसलं. वजन! त्या घरात वजनातलं कळणारा एकच माणूस होता. आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कामात माझा उपयोग होणार होता. मी माळ्यावरनं दुकानातला जुना काटा काढला. तळहाताएवढा, आकडे दाखवणारा. गुंजेच्या शंभराव्या भागाचाही हिशेब देणारा तो काटा मी खिचडीपुढं मांडला.

पद्धत साधी होती. खाण्याआधी वाटी तोलायची, खाल्ल्यावर पुन्हा तोलायची, फरक तो पोटात. पण नात काही सगळं पोटात घालत नव्हती. थोडं लाळेऱ्यावर, थोडं फरशीवर, थोडं कानात. मग मी केर गोळा करू लागलो. फरशीवरची शितं चिमटीनं उचलायची, लाळेरं निपटून घ्यायचं, केसांतली खिचडी फणीनं विंचरून काढायची आणि सगळं काट्यावर. बरं, हा काटा इतका हळवा, की पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा आकडे नाचायचे. म्हणून तोलताना पंखा बंद. फाल्गुनातली विट्याची दुपार, पंखा बंद, सगळं घर घामानं निथळतंय आणि मी श्वास रोखून लाळेरं तोलतोय.

रविवारी सून घरी असायची. ती दारातनं विचारायची, "मामा, लावू का आता पंखा?"

"थांब. आकडा ठरू दे."

एकदा तर आकडा असा ठरला की मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. वाटीत गेलं होतं त्यापेक्षा जास्त परत आलं होतं. लाळ, पाणी आणि काय काय मिळून नातीनं उणे खाल्लं होतं. उभ्या धंद्यात असा माल माझ्याकडं आला नव्हता.

"गणितात बसतं हे," सून म्हणाली आणि हसली. त्या दिवशी हसली. पुढं पुढं ती हसेनाशी झाली. शाळेतनं आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज किती?" मी आकडा सांगायचो. ती तशीच आत जायची. मी नुसता आकडा सांगतोय, त्यात माझा काय दोष, असं मला वाटायचं. आकडा सांगणारा माणूस निर्दोष असतो, हा आमच्या धंद्यातला भ्रम आहे.

आता इतका वेळ जे बाजूला ठेवलं ते सांगतो.

दुपारी आमची ही डोळा मिटायची. अक्का देवघरापुढं माळ घेऊन बसायची आणि तिथंच पेंगायची. त्या वेळी नात आणि मी दोघंच जागे. मी चहा करायचो, ग्लुकोजची बिस्किटं घ्यायचो आणि ओसरीवर बसायचो. एक दिवस ती रांगत रांगत आली. माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली.

वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण माझा मुलगा एवढा होता, तेव्हा मी वर्षातनं एकदा, फार तर दोनदा गावी यायचो. मी एस.टी.तनं उतरून दारात उभा राहिलो की तो किंचाळत आईच्या पदरात शिरायचा. त्याचं भय मोडायला आठ दिवस लागायचे आणि नवव्या दिवशी माझी परतीची गाडी असायची. एक लहान मूल आपणहून माझ्याकडं आलंय, असं माझ्या आयुष्यात तोवर झालंच नव्हतं. माझ्या हातात चहात बुडवलेलं बिस्कीट होतं. दुसरं काहीच नव्हतं. मी ते तिच्या तोंडाशी नेलं. ज्या ओठांची तिजोरी झाली होती, ते किल्ली न लावता उघडले.

मग ते रोजचंच झालं. मी बिस्किटं सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागलो, पुड्याचा आवाज होऊ नये म्हणून. नातीला खिसा कळला. लांबनं मला बघितलं की ती गुडघ्यावर पळत यायची आणि थेट खिशात हात घालायची. अक्का म्हणायची, "आज्याचा लय लळा लागलाय गं!" मी मिशीत हसायचो. चहाबिस्किटानं पोट भरलेल्या पोरीला तासाभरानं मीच खिचडी द्यायला बसायचो, ती तोंड फिरवायची आणि मी गंभीरपणे काटा पुढं ओढायचो. सगळं तोललं मी. लाळेरंसुद्धा तोललं. बिस्कीट तेवढं तोललं नाही. ते मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. मी पंखा बंद करायला उठलो आणि ते विसरून गेल्यासारखं केलं.

लसीच्या वेळी दवाखान्यात नातीचं वजन झालं. मागच्या वेळेपेक्षा अगदी थोडं वाढलं होतं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "घाबरण्यासारखं नाही. पण भूक का नसावी? दिवसभरात पोटात काय काय जातं, सगळं सांगा."

सुनेनं सगळं सांगितलं. खिचडी, नाचणी, बलक, सगळं. डॉक्टरांनी पेन टेकवत पुन्हा विचारलं, "मधेमधे काही? बिस्कीट, चहा, गोडधोड? वरवरच्या खाण्यानं पोट भरतं, मग जेवण नको होतं. चहानं तर अन्नातलं लोहही अंगी लागत नाही."

"छे," सून म्हणाली. "आमच्या घरी तसलं कुणी देत नाही."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. नात माझ्या मांडीवर होती आणि तिचा हात माझ्या खिशात होता. तो मी हळूच बाहेर काढला. तिनं परत घातला. मी परत काढला. डॉक्टर कौतुकानं म्हणाल्या, "आजोबांची लाडकी दिसतेय." मी मान हलवली. तेवढंच.

निघताना त्यांनी सांगितलं, "काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू दे. वाटीभर खाईल, कधी चार घास खाईल. पोट तिचं आहे. दोन आठवड्यांनी परत आणा."

घरी आल्यावर अक्कानं वाटच बघत असल्यासारखं विचारलं, "काय म्हणाली डाक्तरीण?"

"वजन जरा कमी वाढलंय," सून म्हणाली.

"मग! मी काय सांगत हुते? बाय, नोकरी काय पळून जात न्हाई. पोरगी मोठी झाली की कर परत."

"पळून जाते, अक्का. आमच्या शाळेत जागा सोडली की दुसरं माणूस बसतं." मग ती जरा थांबली. "पण तुम्ही म्हणता ते खरं असेल. मामा रोज तोलतायत. आकडे काय खोटं बोलतात? सोमवारी मुख्याध्यापकांना सांगून टाकते."

आमची ही म्हणाली, "आगं, इतकी घाई नगं करू," पण आवाजात जोर नव्हता. अक्का म्हणाली, "शानी हाय माझी बाय." आणि सून उठून शाळेत रोज न्यायची खडूची पेटी उंच फडताळावर ठेवून आली. एरवी ती पेटी हाताशी, खालच्या कप्प्यात असायची, नातीनं खडू खाऊ नयेत म्हणून कुलपात. आता रोज काढायची नव्हती.

ते मला बघवलं नाही. मी उठलो, काटा आणला आणि खाली, सगळ्यांच्या मधोमध ठेवला. पंखा बंद केला.

"आवं, आता काय तोलताय?" ही म्हणाली. "पोरीनं अजून खाल्लं बी न्हाई."

मी सदरा काढला आणि खिसा उलटा करून काट्यावर झाडला. पिवळट चुरा पडला, एक अख्खा कोपरा पडला, त्यावर कंपनीच्या नावातलं एक अक्षरसुद्धा शाबूत होतं. बनियनवर उभा राहून मी म्हणालो, "घट इथं हाय."

कुणाला काही कळेना. मग मला सांगावं लागलं. ओसरी, चहा, रोज दुपारी. दवाखान्यातलंही. पक्कड न लावता इतके शब्द बाहेर पडले, की आमची ही तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

सुनेनं काट्यावरचा तो कोपरा उचलून बघितला. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, मामा."

"व्हय."

"मी म्हणाले, आमच्या घरी कुणी देत नाही. तेव्हा तुम्ही शेजारी होता."

"व्हय."

यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण गणिताच्या बाईंना एकच पायरी दोनदा मांडायची सवय असते.

तेवढ्यात अक्काचा आवाज आला. "भावड्या, लाज वाटती का तुला? आसलं कवा कुणी केलंय? तान्ह्या पोरीला च्या! आरं, आमी पण हावच की ह्या घरात. एक कण दिला न्हाई कवा हिच्या तोंडात."

अक्काचं बोलणं संपायच्या आत नात माझ्या उलट्या झालेल्या खिशाचा नाद सोडून रांगायला लागली. ती सरळ अक्काकडं गेली, तिच्या मांडीवर चढली, कमरेला खोचलेला बटवा ओढून काढला, नाडी सैल केली आणि आतनं एक बत्तासा काढून तोंडात टाकला. सराईतपणे. एकदासुद्धा चुकली नाही.

अक्का म्हणाली, "ह्यो… ह्यो देवाचा परसाद हाय."

"रोजचा?" सुनेनं विचारलं.

"देव रोजच आसतुया की."

आता सगळ्यांच्या नजरा आमच्या हिच्याकडं वळल्या. तिनं पदर तोंडावरनं न काढताच सांगितलं, "सकाळी थोडा शिरा. लय न्हाई. वाटीभर. तुपाचा. पोरगी काय खातच न्हाई म्हणून जीव तुटत हुता माझा, म्हणून…"

सून फतकल मारून खाली बसली. आधी मला वाटलं रडतेय. मग कळलं की रडणं आणि हसणं दोन्ही चाललंय. "म्हणजे," डोळे पुसत ती म्हणाली, "शिरा, त्यावर बत्तासे, त्यावर चहाबिस्कीट. आणि वर खिचडी खात नाही म्हणून माझं दूध आटलं!"

"तसं कुणी म्हणालं न्हाई," अक्का म्हणाली.

"अक्का!"

"बरं, म्हणाले. म्हातारं माणूस कायबी म्हणतंय. तू शाळंत जा बघू सोमवारी. हितं बसून तरी काय करशील, आमच्यावर नजर ठेवशील न्हवं?"

सोमवारी ती शाळेत गेली. जाण्याआधी खडूची पेटी खाली घेतली आणि काटा तिच्या जागी फडताळावर ठेवला. मला म्हणाली, "दुपारची खिचडी तुमच्याकडं. भूक लागली की द्या, तोंड फिरवलं की वाटी उचला. आणि मामा, सदरा बिनखिशाचा घाला." बोलली हसून, पण माझ्याकडं बघितलं नाही. पुढं बरेच दिवस बघत नव्हती. ते हिशेबातलं माझं येणं होतं, आणि मी ते मुकाट्यानं घेतलं.

बिनखिशाचा सदरा माझ्याकडं नव्हता. दुपारी मी रिकामा खिसा घेऊन ओसरीवर बसलो. नात आली. खिशात हात घातला. चाचपलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, परत चाचपलं आणि मग तिनं तिच्या बापाच्या तोडीची किंकाळी फोडली. देवघरातनं अक्का ओरडली, "मी न्हाई काय दिलं!"

नात पाठ फिरवून निघून गेली. उंबऱ्यापर्यंत गेली. मी हाक मारली नाही, मारून द्यायला माझ्याजवळ काही नव्हतंच. खिचडीची वाटी तेवढी मांडीवर होती, तुपाचा वास येत होता. मी आपला एक घास स्वतःच्या तोंडात टाकला. मिठाशिवायची खिचडी कशी लागते ते तोवर मला माहीत नव्हतं. पोरगी तोंड का फिरवायची, याचं आणखी एक कारण मला त्या क्षणी समजलं.

बऱ्याच वेळानं गुडघ्याला हात लागला. पोटात खरी भूक होती आता. तिनं चमचा बाजूला सारला, वाटीत पंजा घातला आणि खाल्लं. किती, ते मी बघितलं नाही. म्हणजे बघत होतो, पण मोजलं नाही. पोट भरल्यावर तिनं उरलेल्या खिचडीची मूठ भरली, माझ्या तोंडाशी आणली, मग विचार बदलला आणि नीट दाबून माझ्या खिशात ठेवून दिली. उद्यासाठी असावी.

"आवं," संध्याकाळी मोरीतनं आवाज आला, "ह्यो सदरा आता कुणी धुवायचा?"

"मी धुतो," मी म्हणालो. खिसा उलटा केला आणि सगळी शितं पाण्याबरोबर जाऊ दिली.